तळणाच्या तेलाचं नाव पाटीवर येऊ द्या

महाराष्ट्रातल्या फरसाणवाल्यांना, बेकरीवाल्यांना, मिठाईवाल्यांना आणि दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या माझ्या सगळ्या भावा-बहिणींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. विट्यात राहते आणि एकोणीस वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते. गणपती उठले की आमच्या घरात भाजणीचा वास सुरू होतो तो भाऊबीजेलाच थांबतो. हाताखाली सहा बायका, मागच्या पडवीत दोन भट्ट्या. त्यामुळे जे लिहिते आहे ते कढईसमोर उभी राहूनच लिहिते आहे.

मागणं एकच आहे. आपण ज्या तेलात तळतो त्याचं नाव गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी, मराठीत, ठळक लिहूया. पामतेल असेल तर पामतेल.

हे सुचलं कसं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. सांगलीला नेलं, स्टेंट बसला. घरी सोडताना आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद हातात दिला. तूप, लोणी, डालडा, पामतेल, बेकरीचे पदार्थ: बेतानं किंवा बंद. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि पडवीत आले, तर समोर पामोलिनचे, म्हणजे पातळ पामतेलाचे, पंधरा किलोचे अकरा डबे रचलेले. दिवाळीची तयारी. मला एकदम आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर आठवले. त्यांची बायपास झालेली, हे सगळ्यांना ठाऊक. दर दिवाळीला दोन किलो चकली न्यायचे आणि म्हणायचे, "बाहेरचं मी खात नाही पोरी, तुझ्या घरचं असतं म्हणून खातो." घरचं म्हणजे त्यांच्या मनात घाण्यावरचं शेंगतेल. मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं, सोळा वर्षं.

त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेंगतेलात करून देशील का? होतील ते पैसे घे."

त्या दिवाळीला मी पहिल्यांदा पाटी लावली. एका कढईत शेंगतेल, दुसरीत पामोलिन, दोन्हींचे दर वेगळे. ऑर्डरी घटल्या, हे लपवत नाही. पाम हा शब्द वाचून काही जणी दारातूनच परत गेल्या. एकीनं तोंडावर विचारलं, "इतकी वर्षं आम्हाला हेच खायला घातलंत?" ते फार लागलं, कारण खरंच होतं. तीच बाई पुढच्या चौकातून शेव घेऊन गेली. तीही पामोलिनमध्येच तळलेली, पण तिथे पाटी नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काम एकटीनं करण्याचं नाही. एकानं सांगितलं तर सांगणाराच बुडतो. सगळ्यांनी एकदम सांगितलं तर कुणाचंच गिऱ्हाईक तुटत नाही. म्हणून हे पत्र.

पाम म्हटलं की आपल्याकडे नाक का मुरडतात, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या पिढीला हे तेल भेटलं ते रेशनच्या रांगेत. थंडीत गोठायचं, मग आई डबा चुलीच्या वैलावर ठेवायची. पाहुणे आले की रेशनच्या तेलाची बरणी आत सरकायची आणि शेंगतेलाची बाहेर यायची. गरिबाचं तेल हा शिक्का तेव्हा बसला तो अजून पुसला नाही. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्यातही रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेलच होतं. म्हणजे खातो सगळेच, नाव मात्र कुणी घेत नाही. आपण विकणारेही त्याच लाजेपोटी गप्प राहतो. पण या तेलात लाजण्यासारखं काही नाही, हे मला झाड पाहिल्यावर कळलं.

आमच्या खानापूर-विटा भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यानं देशभर पांगली आहेत. माझा धाकटा भाऊ आंध्रात एलुरूला असतो. तो सगळा ऑइल पामचा मुलूख. जवळच पेदवेगीला या झाडावर संशोधन करणारी केंद्राची संस्था आहे. गेल्या वर्षी भाऊबीज आटोपल्यावर त्याच्याकडे गेले तेव्हा हट्टानं एका ओळखीच्या शेतकऱ्याची बाग बघायला गेलो.

लांबून माडच वाटतो. जवळ गेलं की माडाचा तो शेलाटेपणा दिसत नाही. खोड जाड, त्यावर तोडलेल्या झावळ्यांचे बुंधे तसेच चिकटलेले, त्यांच्या बेचक्यांत नेचे उगवलेले. झावळीच्या देठाला काटे. नऊ-नऊ मीटरवर त्रिकोणात लावलेली, हेक्टरी १४३ झाडं, त्यामुळे आत शिरलं की दुपारी बारालाही गार सावली. घड झावळीच्या बगलेत दडलेला असतो. एका गड्यानं लांब काठीला बांधलेल्या विळ्यानं आधी खालची झावळी उतरवली, मग देठ तोडला. वीसेक किलोचा घड धप्पकन खाली आला आणि चार-सहा फळं सुटून घरंगळत माझ्या पायाशी आली.

फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं. टोकाला काळपट, बुडाला शेंदरी. नखानं साल सोलली तर आत आंब्याच्या बाठ्याजवळ असतो तसा धाग्याधाग्यांचा केशरी गर. दोन बोटांत नुसता दाबला आणि तेल बाहेर आलं. मी जन्मभर तेलात हात घालते, पण फळातून असं तेल येताना कधी पाहिलं नव्हतं. आपल्याला तेल म्हणजे बी माहीत: शेंगदाणा, करडई, जवस, तीळ. हे तेल गराचं, आणि रंगानं लाल. हळदीसारखं बोटांवर बसलं ते रात्री जेवतानाही नखांत होतं.

"आमच्या डब्यातलं तर फिकट पिवळं असतं," मी म्हटलं. भावानं तेलुगूत विचारून सांगितलं की रंग कारखान्यात काढतात. गाजराला जे कॅरोटीन रंग देतं तेच या तेलाला लाल करतं. शुद्धीकरणात एका खास मातीतून आणि मग कडक उष्णतेतून तेल जातं, तेव्हा रंगही जातो आणि मूळचा वासही.

मग त्यांनी बी फोडून दाखवली. आत खोबऱ्यासारखा पांढरा गर. तिचंही तेल निघतं, पण ते निराळं, थेट खोबरेलाच्या जातीचं. एकाच फळात दोन वेगळी तेलं! आणि तोडलेला घड ठेवून चालत नाही. फळ दुखावलं की आतलंच एक विकर तेल बिघडवायला लागतं, म्हणून चोवीस तासांत, फार तर दोन दिवसांत, घड कारखान्यात वाफेखाली जायला हवा. तो शेतकरी आमच्याशी बोलता बोलता सारखा ट्रॅक्टरच्या वाटेकडे बघत होता, त्याचं कारण हेच.

त्या झाडाचं वाया काय जातं, असं विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे. फळं काढून घेतलेला रिकामा घड बागेतच आच्छादन म्हणून पसरतात. गर पिळून उरलेले धागे आणि बीची कवटी गिरणीच्या बॉयलरमध्ये जाते, म्हणजे तेल काढायची वाफ त्याच फळावर तयार होते. बीची पेंड जनावरांना. उतरवलेल्या झावळ्या ओळींमध्ये कुजवतात. आफ्रिकेत, जिथलं हे मूळ झाड, तिथे तर याच्यावर घर चालतं. नायजेरिया, घाना या बाजूला लाल तेल लालच खातात, रंग न काढता, आमटी-कालवणात. झाडाच्या रसाची ताडी होते, झावळीच्या हिरांचे झाडू होतात, राखेचा खार वापरून साबण करतात. माडाला कोकणात जे स्थान, तेच तिकडे याला.

मग हे झाड आपल्या कढईपर्यंत आलं कसं? १८४८ मध्ये जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात चार रोपं लावली गेली, आणि आग्नेय आशियातल्या बागांची वंशावळ त्या चार रोपांपर्यंत जाते. मलेशियातली पहिली व्यापारी बाग १९१७ ची, सेलांगोरमधली. तिथे एक अडचण होती. फळ नीट धरत नसे, म्हणून मजूर हातानं फुलोऱ्यावर पराग मारत. १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक बारीक सोंडकिडा आणून बागांत सोडला आणि घड भरायला लागले. आपल्या धान्यात सोंडे होतात, त्यांच्याच कुळातला. पुढे तो भारतातही आणला. आपण तळलेल्या प्रत्येक शंकरपाळ्यामागे असा एक किडा आहे, हे मला त्या बागेत उभी असताना समजलं. फुलोऱ्यावर ते मुंगीएवढे तपकिरी किडे भरभर फिरत होते.

आता परत कढईकडे येते, कारण हे तेल आपण स्वस्त म्हणून घेतो तसं गुणासाठीही घेतो. अख्खं पामतेल थंडीत तुपासारखं घट्ट होतं. ते सावकाश गार करून घट्ट भाग गाळून काढला की पातळ राहतं ते पामोलिन, आपल्या डब्यातलं. घट्ट भाग साबण, मेणबत्ती, बेकरीचं स्निग्ध यांत जातो. पामोलिन आचेला टिकतं. सूर्यफुलात दिवसभर घाणे काढले की कढईच्या कडेला चिकट पिवळा थर बसतो, घासून निघत नाही. पामोलिनला तेवढा बसत नाही. चकली महिनाभर खवट होत नाही. चवीला शेंगतेल वरचढ, यात वाद नाही, पण शेव परदेशी मुलाला पाठवायची असेल तर टिकाऊपणाला पामोलिन चांगलं. खारी आणि पफला तर घट्ट स्निग्धाशिवाय पापुद्रे सुटतच नाहीत. पूर्वी त्यासाठी तेलात हायड्रोजन घालून केलेला डालडा असायचा आणि त्यासोबत हृदयाला घातक ट्रान्स फॅट. जानेवारी २०२२ पासून देशात ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आली. अशा वेळी मूळचंच घट्ट असलेलं पामतेल बेकरीच्या उपयोगाला आलं. हे त्याचं श्रेय आहे आणि ते मोकळेपणानं द्यावं.

दुसरी बाजूही तेवढ्याच मोकळेपणानं सांगावी. पामतेलात जवळजवळ निम्मं संपृक्त स्निग्ध (सॅच्युरेटेड फॅट) असतं, हृदयाच्या रोग्यानं बेतानं खायचं ते. शेंगतेलात ते साधारण पाचव्या हिश्शाएवढं किंवा त्याहून कमी. निरोगी माणसानं सणाला चार चकल्या खाल्ल्या तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मास्तरांना, आमच्या ह्यांना, हा आकडा कळलाच पाहिजे. पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं, त्यानं काही सांगितल्यासारखं होत नाही. कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं.

एकदा डोळे उघडले की हे झाड घरभर दिसायला लागतं. अंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर 'सोडियम पामेट' दिसतं. शाम्पूचा फेस आणि टूथपेस्टमधलं ग्लिसरीन अनेकदा याच फळातून आलेलं. बिस्किटात, नूडल्समध्ये, चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या वड्यांत, आइस्क्रीमच्या शेजारी ठेवलेल्या 'फ्रोझन डेझर्ट'मध्ये. नातवाच्या वाढदिवसाच्या केकवरचं पांढरं क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतं, याच बीच्या तेलाचं असतं. पाकिटांवर 'इमल्सिफायर ४७१' लिहिलेलं असतं, तेही पुष्कळदा पामपासूनच. एवढं काम करणारं झाड, आणि त्याचं स्वतःच्या नावानं कुठे दर्शन नाही.

नाव नसल्याचा तोटा गिऱ्हाइकापुरता राहत नाही. सुमात्रा आणि बोर्निओत या बागांसाठी जंगलं तोडली, दलदलीच्या जमिनी सुकवल्या आणि जाळल्या, ओरांगउटानांचं घर गेलं. आपल्या लिटल अंदमानातही जंगल काढून ऑइल पाम लावला होता; तो एकसुरी बागायतीचा प्रकार आवरता घ्यायचा आदेश २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून आला. आता २०२१ पासून केंद्राचं ११,०४० कोटींचं अभियान सुरू आहे आणि त्यात ईशान्य भारत आणि अंदमानवर भर आहे. याची मला काळजी वाटते. एलुरूत शेतकऱ्यानं आपल्या रानात, विहिरीच्या पाण्यावर लावलेली बाग वेगळी आणि डोंगर मोकळा करून लावलेली वेगळी.

म्हणून पामवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. जगातल्या वनस्पती तेलाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग हे झाड देतं, तोही तेलपिकांच्या एकूण जमिनीच्या दहाव्या भागाहून कमी जागेत. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं म्हटलं तर कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती कुठून येणार? मार्ग एकच, तेल कुठल्या बागेतून आलं हे विचारणं. २००४ मध्ये स्थापन झालेली, जबाबदारीनं पिकवलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणारी एक जागतिक व्यवस्था आहे. तिच्यात उणिवा असतील, पण निदान प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे तो प्रश्न दुकानात पोचतच नाही, कारण गिऱ्हाइकाला पाम खातोय हेच माहीत नाही.

आणि आपलं स्वतःचं बघा. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली, २३ मे ला पुन्हा सुरू केली. मधल्या दिवसांत डब्याचा भाव मी रोज सकाळी फोन करून वहीत लिहीत होते. लग्नसराईचे लाडू-चिवड्याचे दर आधी ठरलेले, वाढवता येईनात. गिऱ्हाइकांना कारण सांगायला गेले तर म्हणाले, इंडोनेशियाचा आणि तुमच्या चिवड्याचा काय संबंध? ज्या तेलाचं नाव कधी घेतलं नव्हतं त्याची अडचण ऐन वेळी कशी सांगणार?

कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माहीतच आहे. बंद पाकिटावर नुसतं 'खाद्य वनस्पती तेल' लिहून चालत नाही, कुठलं तेल तेही लिहावं लागतं. लिहितातही, पण बहुतेक इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, घडीच्या आत. सुट्या मालाला तेवढंही नाही. पण १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर कधीपर्यंत खावी ती तारीख लावायची सक्ती झाली, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी डोक्याला हात लावला होता! धंदा बसेल, बर्फी कोण घेणार, असं सगळं झालं. आज ती चिठ्ठी नसेल तर गिऱ्हाईकच विचारतं. त्याच चिठ्ठीवर तेलाचं नाव लिहायला एक ओळ लागते. सक्ती होईपर्यंत थांबायचं कशाला?

अडचणी मला ठाऊक आहेत. दोन तेलं मिसळून तळत असाल तर दोन्ही नावं लिहा. मध्येच तेल बदलावं लागलं तर खडूनं बदला. मोहनात तूप आणि तळण पामोलिनमध्ये असेल तर तसंच लिहा, 'तुपातले शंकरपाळे' म्हणू नका. मी एका बेकरीतून 'शुद्ध तुपातली' म्हणून नानकटाई आणली होती. सकाळी बशीत ठेवली, थंडीचे दिवस. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसला, काही केल्या जाईना. तूप तोंडात विरघळतं, असं बसत नाही. दुकानाचं नाव घेत नाही. तिथल्या कारागिराचे हात उत्तम होते, नानकटाई छान फुटली होती. पामच्या वनस्पती तुपातली म्हणून विकली असती तरी मी घेतली असती.

दर वेगळे ठेवायला घाबरू नका. माझ्याकडे शेंगतेलाच्या आणि पामोलिनच्या चकलीत किलोमागे साठ रुपयांचा फरक आहे. पहिल्या वर्षी तुटलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवाळीला बरीचशी परत आली. गेल्या वर्षी तीन हिस्से ऑर्डरी पामोलिनच्याच होत्या, एक हिस्सा शेंगतेलाच्या. लोक वाचतात, विचार करतात, ऐपत आणि तब्येत बघून ठरवतात. त्यातल्या एका आजींनी दोन्ही नेल्या: शेंगतेलाची पाव किलो मुलासाठी, बाकीची नातवंडांसाठी.

नवरात्राच्या आधी हे होऊ शकेल. विट्यातल्या सात जणांनी होकार दिला आहे, त्यात दोन बेकऱ्या आणि एक मोठं फरसाणचं दुकान आहे. आमच्या पाट्या एकाच पेंटरकडे रंगायला टाकल्या आहेत. दोन फूट बाय दीड फूट, पांढऱ्यावर हिरवी अक्षरं, कढईच्या मागे नाही तर काट्याच्या बरोबर वर टांगायच्या. मजकूर असा आहे, हवा तर जसाच्या तसा उचला:

आमच्याकडे तळणाला वापरलेलं तेल: ________
मोहन / साट्यासाठी: ________
बेकरीच्या मालातलं स्निग्ध: ________
तेल बदललं ती तारीख: ________

रेघांच्या जागा काळ्या रंगवून घेतल्या आहेत, खडूनं लिहिता येईल अशा.

आपली,
एक फराळवाली
विटा, जि. सांगली